मॅगझिनला आधी नंबर दे, मग नवं घे

कोथरूडहून एका नेमबाज मुलीचं पत्र आलं आहे. थोडं लहान करून देते.

"ताई, मी २३ वर्षांची. पंचवीस मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. दोन वर्षांपूर्वी एका सीनियर खेळाडूकडून .२२ बोअरचं पिस्तूल रीतसर माझ्या परवान्यावर घेतलं, सोबत दोन मॅगझिनं (गोळ्या भरून पिस्तुलात बसवायच्या डब्या) आली. गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत रॅपिडच्या, म्हणजे झटपट मारायच्या टप्प्यातल्या, दुसऱ्या सीरीजला (पाच शॉटांची एक सीरीज) चौथी गोळी अडकली. रेंज ऑफिसरनी बघितलं, मान्य केलं, राहिलेले शॉट मिळाले. पण पाचव्या सीरीजला तिसऱ्या शॉटनंतर मॅगझिनच खाली सरकलं आणि टेबलावर पडलं. त्या वेळी त्यांनी माझं काही ऐकलं नाही. दोन शॉट शून्य. बारा गुणांनी पुढची पात्रता हुकली. बाबा म्हणतात, नवी मॅगझिनं घेऊन टाक. ओरिजिनल महाग आहेत आणि यायला कित्येक महिने लागतात. ओळखीतले एक काका परदेशातून येताना हुबेहूब तशीच, निम्म्या किमतीत, बॅगेतून आणून देतो म्हणतात. कोच म्हणतात दोष मनगटात आहे. कोणाचं ऐकू? आणि घ्यायचीच तर किती घेऊ?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात एक गोष्ट कुठेच नाही, आणि मला सगळ्यात आधी तीच हवी होती. चौथी गोळी अडकली ती कोणत्या मॅगझिनमधली? आणि पडलं ते कोणतं? तेच की दुसरं? तुला सांगता येणार नाही, कारण दोन्ही सारखीच दिसतात आणि दोन्ही एकाच पाऊचमध्ये असतात. मी हे इतक्या खात्रीनं म्हणते, कारण माझा एक अख्खा सीझन याच्यात गेला आहे. माझ्याकडे तीन मॅगझिनं होती. पाच-सहा सीरीजमध्ये एकदा गोळी अडकायची. मी काडतुसांचा ब्रँड बदलला, एक्स्ट्रॅक्टर (उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ओढून काढणारा भाग) बदलून घेतला, ग्रिप घासली, शेवटी स्वतःच्या मनगटावर शंका घेऊन ट्रिगर ओढायची पद्धतसुद्धा बदलायला निघाले. तेव्हा एका सीनियर ताईंनी माझ्या हातातून मॅगझिनं काढून घेतली आणि पर्समधल्या लाल नेलपॉलिशनं तळाशी एक, दोन, तीन ठिपके दिले. पुढच्या तीन दिवसांत कळलं, दर वेळी दोन ठिपक्यांचंच अडकत होतं. बाकीची दोन चोख होती. सगळा सीझन मी एका पत्र्याच्या डबीपायी स्वतःला दोष देत होते.

म्हणून आजच, पत्र वाचून झाल्यावर, दोन्हींच्या तळाला खूण कर. नेलपॉलिश चालेल, मोटारीचा टचअप पेंट चालेल. स्टिकर नको, तो सुटून आत अडकतो. वहीत एक पान काढ. दर सरावाला कोणत्या नंबरनं किती सीरीज मारल्या आणि काय झालं, एवढंच लिहायचं.

आता रेंज ऑफिसरबद्दल. तुला राग आला आहे, तो पत्रात दिसतो. पण त्यांचा निर्णय बरोबर होता. आपल्या खेळात मालफंक्शन, म्हणजे मध्येच होणारे बिघाड, दोन प्रकारची धरतात, ग्राह्य आणि अग्राह्य. काडतूस उडालं नाही, पुंगळी बाहेर पडली नाही, स्लाइड अडकली, एखादा भाग तुटला, हे ग्राह्य. मॅगझिन नीट बसवलेलं नव्हतं किंवा फायरिंग चालू असताना गळून पडलं, तर ते अग्राह्य, आणि न मारलेला प्रत्येक शॉट शून्य. सवलत एकच, पिस्तुलाची यंत्रणाच मोडल्यामुळे ते पडलं असेल तर. ग्राह्य मालफंक्शनसुद्धा तीस शॉटांच्या टप्प्यात एकदाच मागता येतं, आणि रॅपिडमधलं ते तुझं दुसऱ्या सीरीजलाच वापरून झालं होतं. म्हणजे पाचव्या सीरीजला मॅगझिन न पडता पुन्हा गोळी अडकली असती, तरी हातात काही उरलं नव्हतं. हे कडू वाटेल, पण ते नीट कळलं की मॅगझिनकडे बघायची नजर बदलते. गोळी अडकली तर नियम एकदा तुझ्या बाजूनं उभा राहतो. मॅगझिन पडलं तर एकदाही नाही. त्यामुळे तुझ्या दोन अपघातांपैकी जास्त गंभीर तो दुसरा, आणि तो नवं मॅगझिन न घेताही सुटण्यासारखा आहे.

मॅगझिन कशामुळे पडतं? एक तर ते पूर्ण बसलेलंच नसतं. लोडची आज्ञा होते, हात थोडा थरथरतो, अंगठ्यानं वर ढकलतो, टोक लागल्यासारखं वाटतं आणि आपण सोडून देतो. पहिले दोन-तीन शॉट निघतातही, मग प्रत्येक झटक्यानं ते केसभर खाली येत राहतं. यावर सवय एकच. तळहाताच्या गादीनं वर दाब, 'कट्' असा आवाज ऐक, आणि मग दोन बोटांनी तळ धरून खाली ओढून बघ. दाब, ऐक, ओढ. सरावाच्या प्रत्येक सीरीजला हे झालं तरच स्पर्धेत आपोआप होईल. कानावर मफ असल्यामुळे 'कट्' ऐकू येत नाही असं म्हणशील. बरोबर आहे, म्हणूनच ओढून बघायचं. बोटांना कळतं.

दुसरं कारण झीज. मॅगझिनच्या अंगावर एक खाच असते, तिच्यात पिस्तुलाचा कॅच अडकतो. दिव्याखाली ती खाच बघ. कडा कोरी, काटकोनात दिसते की चकाकून गोल झाली आहे? दोन्ही मॅगझिनं शेजारी धर. एकाचीच खाच गोल झाली असेल तर दोष त्या मॅगझिनचा. दोन्ही ठीक असतील आणि तरीही दोन्ही सैल वाटत असतील, तर पिस्तुलाचा कॅच किंवा त्याची स्प्रिंग थकली आहे. अशा वेळी दहा नवी मॅगझिनं आणलीस तरी दहाही पडतील. कॅच आर्मररला, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याला, दाखव. स्वतः घासू नकोस.

आता अडकलेल्या गोळीकडे येऊ. "अडकली" एवढ्यावर निदान होत नाही. डॉक्टरला नुसतं "दुखतंय" म्हणण्यासारखं आहे ते. पुढच्या वेळी सरावात असं झालं की घाईनं खडखड करून काढू नकोस. नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, मोकळा हात वर, आणि कोचला येऊन बघू दे, मोबाइलवर फोटो काढू दे. (स्पर्धेत तर तू हातही लावायचा नाहीस. ऑफिसरनी बघण्याआधी यंत्रणेला हात लावलास की ग्राह्य मालफंक्शनही अग्राह्य होतं.) गोळी कशी अडकली आहे हे दिसलं की अर्धं उत्तर मिळतं. नाक खाली करून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या गोळीच्या जागेच्या, अलीकडे रुतली असेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असते किंवा आत घाण असते, गोळी वेळेवर वर येत नाही. नाक वर करून उभी राहिली असेल तर मॅगझिनच्या तोंडाच्या कडा, ज्यांना आपण फीड लिप्स म्हणतो, फाकलेल्या असतात आणि गोळी लवकर सोडतात. बोल्ट, म्हणजे गोळी चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग, बंद झाला, चेंबर रिकामं आणि गोळी मॅगझिनमध्येच, असं असेल तर मॅगझिन खाली बसलं असेल, स्प्रिंग ढिली असेल, किंवा बोल्ट पुरेसा मागेच गेला नसेल. बोल्ट मागे न जाण्याचं कारण कमी जोराचं काडतूस असू शकतं, साचलेली काजळी असू शकते, आणि हो, मऊ मनगटही असू शकतं. तुझे कोच उगाच बोलत नाहीत. रिकामी पुंगळी दारात उभी अडकली असेल तर बहुतेक वेळा मॅगझिनचा संबंध नसतो, एक्स्ट्रॅक्टर आणि पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर बघायचे. आणि पिनचा ठसा नीट उमटला आहे पण काडतूस उडालंच नाही, तर मॅगझिन बिचारं निर्दोष.

मनगटाचा प्रश्न एका सकाळीत सुटतो. ज्या नंबरनं त्रास दिला, त्याच मॅगझिननं, त्याच काडतुसांनी, तुझ्या कोचना चार-पाच सीरीज मारायला सांग. त्यांच्याही हातात अडकलं तर मनगटाचा विषय संपला. त्यांच्या हातात चोख चाललं आणि तुझ्या हातात दोन्ही नंबरांनी अडकत राहिलं, तर नवं मॅगझिन घेण्याआधी कोचचं ऐक.

इथे .२२ च्या एका खोडीबद्दल बोलायलाच हवं, कारण नवीन मुलांना ती कोणी सांगत नाही. या काडतुसाच्या बुडाला कड असते, रिम. मॅगझिनमध्ये एकावर एक गोळ्या ठेवताना वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढे हवी. ती मागे राहिली की बोल्ट वरच्या गोळीला पुढे ढकलतो, तिची रिम खालचीच्या रिमला अडते, आणि दोघी अडकून बसतात. दोष मॅगझिनचा वाटतो, असतो आपल्या भरण्याचा. अंगठ्यानं मॅगझिनच्या बाजूचं बटण थोडंच खाली ओढ, एका गोळीपुरतं. बटण तळापर्यंत ओढून पाच गोळ्या डाळीसारख्या आत सोडणारी मुलं मी पाहिली आहेत, तसं करू नकोस. गोळी वरून टाक, किंचित मागे सरकव, मग पुढची. पाच झाल्या की बाजूच्या खाचेतून बघ. पाचही नाकं एका तिरप्या ओळीत, जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसली पाहिजेत. एखादं नाक खाली झुकलेलं दिसलं तर सगळ्या काढून पुन्हा भर. सीरीजच्या मध्ये तेवढा वेळ असतो.

एवढं सगळं करून एखादा नंबर दोषी ठरला, तर लगेच टाकून देऊ नकोस. आधी उघडून साफ कर. उघडताना स्प्रिंगचं कोणतं टोक वर आहे याचा फोटो काढून ठेव, उलटी बसवलेली स्प्रिंग नव्या दुखण्याचं मूळ होते. आत काळं मेण सापडेल. काडतुसावरचं वंगण, शिशाची पूड आणि काजळी यांचा तो लगदा. कोरड्या सुती फडक्यानं आणि जुन्या टूथब्रशनं काढ. आत तेल घालू नकोस. तेलाला धूळ चिकटते, पुन्हा लगदा होतो, आणि तेल काडतुसात शिरलं तर ते फुसकं निघू शकतं. पावसाळ्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर लोखंडाला तांबेरा धरायला वेळ लागत नाही. तेव्हा बाहेरून तेलाचा बोळा फिरवून लगेच कोरडं पूस, आणि बोहरी आळीत मिळणाऱ्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेव. तुझ्या मॉडेलची स्प्रिंग सुटी मिळत असेल तर आधी ती बदलून बघ, पूर्ण मॅगझिनपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. फीड लिप्स मात्र पकडीनं वाकवायच्या नाहीत. व्हर्नियरनं चांगल्या मॅगझिनच्या लिप्समधलं अंतर पुढे आणि मागे मोज, वाईटाचं मोज, फरक वहीत लिही आणि आर्मररकडे ने. घरी वाकवलेलं मॅगझिन एक दिवस चालतं आणि नेमकं स्पर्धेच्या दिवशी दगा देतं. लिप्स वाकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे रेंजच्या काँक्रीटवर पडणं. तुझं टेबलावर पडलं, म्हणजे तेही तपासायलाच हवं.

आता खरेदी. माझं मत स्पष्ट आहे: ओरिजिनलच घे, आणि वाट बघ. साध्या वापराच्या पिस्तुलाला नकली मॅगझिन कधी चालूनही जातं. आपल्या पिस्तुलांचं तसं नाही. पुष्कळ मॅच पिस्तुलांमध्ये मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं, गोळी चेंबरमध्ये जाण्याचा कोन ठरलेला असतो, गोळी मऊ शिशाची असते. कडेला बारीकशी धार राहिली तरी ती शिसं खरवडते. असं खरवडलेलं तुला दिसतंही, चेंबरच्या तोंडाशी चंदेरी कीस साचतो. आणि "हुबेहूब तशीच" या शब्दांवर जाऊ नकोस. एकाच नावाचं पिस्तूल वर्षागणिक बदलत जातं. वॉल्थर जीएसपीसारखं पिस्तूल .२२ मध्येही आलं आणि .३२ मध्येही. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. पिस्तुलाचा अनुक्रमांक कळवून, याच्यासाठी कोणतं मॅगझिन ते लिहून मागव, आणि बिलावर पार्ट नंबर येऊ दे.

काकांच्या बॅगेबद्दल तर विचारच करू नकोस. भाव कितीही चांगला असला तरी नाही. शस्त्र कायदा १९५९ मधल्या व्याख्येत शस्त्राबरोबर शस्त्राचे भागही येतात. विमानतळावर ती डबी सापडली तर काका अडकतील आणि तूही, आणि परवाना हातचा गेला तर मॅगझिन कशात घालणार आहेस? राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय रायफल संघटनेकडे आयातीची चौकशी कर, नाहीतर परवानाधारक डीलरकडे नाव नोंदव. तुझ्या परवान्याबद्दल काही शंका असेल तर पोलीस आयुक्तालयातल्या परवाना शाखेत स्वतः जाऊन विचार. महिने लागतील. तोपर्यंतची कामं वर दिलीच आहेत.

आणखी एक वाट आहे, जी मुली संकोचानं धरत नाहीत. तुझ्याच मॉडेलचं पिस्तूल वापरणारा एखादा जुना खेळाडू दुसऱ्या पिस्तुलावर गेला असेल, तर त्याच्याकडे मॅगझिनं पडून असतात. बालेवाडीच्या रेंजवर चौकशी कर. विकत घेण्याआधी त्याच्यासमोर, कोचच्या देखरेखीखाली, तुझ्या पिस्तुलात मारून बघ. कागदपत्रं रीतसर कर.

किती घ्यायची? साठ शॉट आणि दोन्ही टप्प्यांआधीची एकेक सायटिंग (गुण न धरता नेम जुळवायची) सीरीज धरली तर सगळ्या मिळून चौदा सीरीज होतात, पाच-पाचच्या. मध्ये भरायला वेळ मिळतो. तेव्हा ढीग नको. स्पर्धेला तीन खात्रीची, आणि जमलं तर रोजच्या सरावाला एक. तुझ्या दोन्हींपैकी एक जरी निर्दोष निघालं तरी दोन नवी पुरतील. दोन्ही चांगली निघाली तर एकच नवं घे आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घे, असं बाबांना माझ्यातर्फे सांग.

आणि नवं आलं म्हणजे खात्रीचं झालं असं नाही. त्यालाही नंबर दे, त्यालाही वहीत पान काढ. माझी पद्धत अशी: प्रत्येक मॅगझिनमधून दोनशे गोळ्या, म्हणजे चाळीस सीरीज, त्याच ब्रँडच्या आणि शक्य तर त्याच लॉटच्या, ज्या तू स्पर्धेला वापरणार आहेस. ऐकून खर्च डोळ्यासमोर येईल, पण या गोळ्या जास्तीच्या नाहीत, सरावाच्याच आहेत. तू त्या मारणारच आहेस, फक्त कोणत्या नंबरनं मारल्या ते लिहायचं. निम्म्या तरी रॅपिडच्या असू देत, तीन सेकंद हिरवा दिवा आणि सात सेकंद लाल या खऱ्या लयीत, हात खाली घेऊन वर आणत. मॅगझिनची खोड सावकाश नेम धरायच्या प्रिसिजन टप्प्यात लपते आणि रॅपिडमध्ये बाहेर येते. काही सीरीज डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मार. थंडीत काडतुसावरचं वंगण घट्ट होतं, दुपारी गुळगुळीत चालणारं मॅगझिन सकाळी सात वाजता कुरकुरतं. दोनशेमध्ये एकदाही अडकलं नाही तर ते स्पर्धेच्या डबीत. एकदा अडकलं तर साफ करून पुन्हा शंभर. दुसऱ्यांदा अडकलं तर ते सरावाचं, कितीही महाग असलं तरी. या बाबतीत मन घट्ट कर.

दोन शॉटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणालं तर राही सरनोबतची २०१८ ची एशियाड फायनल आठव. पालेमबांगला, आपल्याच प्रकारात. राही आणि थायलंडची नेमबाज ३४-३४ वर बरोबरीत आल्या, पहिला शूट-ऑफही बरोबरीत गेला, दुसऱ्यात राहीनं सोनं घेतलं. एशियाडमध्ये नेमबाजीचं सोनं जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिथे एक गोळी आत न जाणं म्हणजे काय झालं असतं, याचा विचार कर. आणि टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा लिव्हर पात्रता फेरीतच तुटला होता. ५७५ गुण झाले, फायनल दोन गुणांनी हुकली. तो भाग तुटेल हे तिला आधी कळण्यासारखं नव्हतं. तुझं मॅगझिन मात्र तुला आधी सांगत होतं, फक्त कोणतं सांगत होतं ते कळत नव्हतं.

स्पर्धेच्या सकाळची एक गोष्ट. कोथरूडहून बालेवाडीला येताना चांदणी चौकात अडकशील, उशीर होईल, आणि मग मॅगझिनं गाडीच्या डिकीत ठेवून आधी नोंदणीला धावशील. तसं नको. पिस्तुलाचा कुठलाही भाग नजरेआड करायचा नाही, आणि मॅगझिन भरून प्रवास तर कधीच नाही. स्पर्धेची तीन वेगळ्या डबीत, रिकामी, तोंड वर करून. टेबलावर मांडताना नंबर दिसेल अशी ठेव, म्हणजे काही झालं तर त्याच क्षणी लिहिता येईल.

महिनाभर वही भर आणि मग मला पुन्हा लिही. त्या पत्रात तीन गोष्टी हव्यात: कोणता नंबर अडकला, गोळीचं नाक वर होतं की खाली, आणि दोन्हींच्या खाचेच्या कडांचा जवळून काढलेला फोटो. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढ. फ्लॅशमध्ये झीज दिसत नाही.